डिस्चार्जनंतरचं बिल : हृदय प्रत्यारोपणानंतर औषधं आणि तपासण्यांवर किती खर्च होतो?

हृदय प्रत्यारोपणाचं अंदाजपत्रक हातात पडतं तेव्हा त्यात शस्त्रक्रिया, आयसीयू, दात्याच्या रुग्णालयातून हृदय आणण्याचा खर्च असं सगळं मांडलेलं असतं. खासगी रुग्णालयात ही बेरीज साधारण २० ते ३५ लाखांत जाते. मग दागिने, पीएफ, पतपेढीचं कर्ज, मंडळाची वर्गणी, ऑनलाइन मदतीचं आवाहन असं करत घर ती रक्कम उभी करतं. पण त्या कागदावर डिस्चार्जच्या तारखेपुढे एक ओळही नसते, आणि प्रत्यारोपित हृदयाचा दरमहा खर्च त्याच तारखेला सुरू होतो. तो रुग्ण असेपर्यंत चालतो. आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार निम्मे रुग्ण बारा वर्षांहून अधिक जगतात, म्हणजे हिशेब दशकाचा धरायला हवा.

म्हणून शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी प्रत्यारोपण समन्वयकाकडे, म्हणजे सगळे ज्यांना नुसतं ‘कोऑर्डिनेटर’ म्हणतात त्यांच्याकडे, एक गोष्ट मागा : पहिल्या वर्षाच्या खर्चाचा लेखी अंदाज. किती बायोप्सी, किती वेळा रक्त, कोणती औषधं, पॅकेज कोणत्या दिवशी संपतं. तोंडी ‘औषधांचे दहा-पंधरा हजार लागतील’ यावर थांबू नका. ते वाक्य दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी खरं असतं. पहिलं वर्ष त्याच्या कितीतरी पुढे जातं.

खालचे आकडे मुंबई-पुण्यातली खासगी रुग्णालयं डोळ्यांसमोर ठेवून, नियोजनासाठी धरलेले ढोबळ आकडे आहेत. ब्रँड, डोस, रुग्णाचं वजन आणि रुग्णालयाचं दरपत्रक यांनुसार ते वरखाली होतील.

आधी एक खुलासा. हृदयाला स्वतःला किंमत नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. ‘हृदयाचे वेगळे’ असं कुणी म्हणालं, तर तुमच्या विभागाच्या प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे, म्हणजे झेडटीसीसीकडे, जा. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी ही केंद्रं आहेत.

औषधं : कशावर वाचवायचं, कशावर नाही

मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीतच हृदय प्रत्यारोपण केलं होतं. केपटाऊनच्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. तो रुग्ण काही तासच जगला. त्या काळात जगभर हृदय बसवणारे हात होते, पण बसवलेलं हृदय शरीराने नाकारू नये यासाठी पुरेसं औषध नव्हतं. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन आलं आणि चित्र बदललं. भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलं, आणि केईएमने २०२४ मध्ये पुन्हा हृदय बसवलं. हा इतिहास इथे सांगायचं कारण एवढंच, की प्रत्यारोपण टिकतं ते गोळ्यांवर. खर्चातली काटकसर ठरवताना हे आधी लक्षात घ्यावं.

बहुतेक रुग्णांना सुरुवातीला तीन मुख्य औषधं असतात : टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन. पहिली दोन महाग. तिसरं, म्हणजे स्टेरॉइड, अगदी स्वस्त. त्याचा खर्च मागच्या दाराने येतो : साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि मग त्यांची औषधं सुरू होतात. स्टेरॉइडचा डोस पहिल्या वर्षात टप्प्याटप्प्याने उतरवतात, काहींचं पूर्ण बंदही होतं.

या तिघांच्या जोडीला संसर्ग टाळण्याची औषधं असतात. त्यातलं कोट्रायमॉक्सॅझोल काही रुपयांचं. व्हॅलगॅनसायक्लोव्हिर मात्र खिसा रिकामा करतं. सीएमव्ही नावाच्या विषाणूला रोखण्यासाठी ते साधारण तीन ते सहा महिने देतात आणि त्या काळात एकटं हे औषधच महिन्याला दहा हजारांच्या पुढे जाऊ शकतं. वर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, कॅल्शियम, पित्ताची गोळी. सगळं धरून पहिल्या वर्षी औषधांना महिन्याला सरासरी २५ हजार धरा. सुरुवातीच्या महिन्यांत जास्त, शेवटी कमी. दुसऱ्या वर्षापासून १० ते १८ हजार.

आता वाचवायचं कुठे ते. स्टॅटिन, अॅम्लोडिपिन, कॅल्शियम, प्रेडनिसोलोन यांसारखी औषधं जनऔषधी केंद्रातून घ्यायला हरकत नाही, डॉक्टरांना फक्त सांगून ठेवा. टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट रुग्णालयाच्या आतल्या दुकानात छापील किमतीला मिळतात, तीच कंपनी, तोच ब्रँड बाहेरच्या घाऊक विक्रेत्याकडे चांगल्या सवलतीत मिळतो. नियमित गिऱ्हाईक आहोत हे सांगून भाव विचारा, लाज वाटून घेऊ नका. पक्की पावती मात्र घ्याच, त्यावर बॅच क्रमांक हवा. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या किमतीचा माल तर गळ्यात पडत नाही ना, तेही बघा.

ब्रँड बदलायचा मोह इथेच होतो. टॅक्रोलिमसची मात्रा थोडी कमी झाली तर रिजेक्शन, म्हणजे शरीर हृदय नाकारतं, थोडी वाढली तर किडनीवर मार, असा तो अरुंद पट्टा आहे. दुकानदार ‘तेच आहे, स्वस्त आहे’ म्हणून दुसरी पट्टी देतो तेव्हा नाही म्हणा. स्वस्त ब्रँडवर जायचंच असेल तर डॉक्टरांच्या संमतीने, ठरवून जा आणि नंतर रक्तातली पातळी तपासून घ्या. दर महिन्याला जो स्वस्त मिळेल तो, हे धोरण चालत नाही. दिवसातून दोनदा घ्यायचं टॅक्रोलिमस आणि एकदाच घ्यायचं टॅक्रोलिमस यांची अदलाबदल तर कधीच स्वतःहून नको.

पहिल्या तीन महिन्यांत साठा करू नका. डोस दर आठवड्याला बदलतो आणि एक मिलिग्रॅमचे शंभर कॅप्सूल घरात पडून राहतात. डोस स्थिरावला की महिन्याभराचं एकदम घ्या, आणि हाताशी नेहमी दोन आठवड्यांचा जादा साठा असू द्या. पावसाळ्यात कोकणातला घाट बंद पडला, तर डॉक्टर फोनवर भेटतील, पण मायकोफेनोलेट तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही.

काही डॉक्टर टॅक्रोलिमसबरोबर डिल्टियाझेम देतात. रक्तदाबाच्या या गोळीमुळे टॅक्रोलिमस शरीरात जास्त वेळ टिकतं, डोस कमी लागतो आणि बिलही उतरतं. युक्ती चांगली आहे, पण डॉक्टरांच्या हातातच चांगली. त्याच कारणाने पपनस वर्ज्य आहे, ग्रेपफ्रूट तर आहेच. गणपतीच्या दिवसांत घरात पपनस येतं, त्याची फोडही खाऊ नये, कारण औषधाची पातळी त्याने वाढू शकते. गुळवेल आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढे याच्या उलट बाजूने घात करतात : जी प्रतिकारशक्ती हजारो रुपयांची औषधं घेऊन दाबून ठेवली, ती फुकटच्या काढ्याने कशाला डिवचायची? अंग दुखलं म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेणं किडनीला महागात पडतं. क्षयरोगाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसची पातळी धाडकन खाली आणतं, म्हणून सरकारी केंद्रात फुकट मिळणारं ते औषधही प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू होऊ नये.

‘लेव्हल’, बायोप्सी आणि बाकीच्या तपासण्या

रुग्णांच्या तोंडी ‘लेव्हल’ म्हणजे टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी. एका वेळेला दीड ते साडेतीन हजार रुपये. सुरुवातीला आठवड्याला एक-दोनदा, मग पंधरवड्याने, महिन्याने, पुढे तीन महिन्यांनी. हे पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते एका कारणाने. सकाळी आठची गोळी घेऊन माणूस लॅबमध्ये जातो. पातळी मोजायची असते ती पुढची गोळी घेण्याच्या लगेच आधी, आदल्या डोसला बारा तास झाल्यावर. गोळी घेऊन दिलेलं रक्त निरुपयोगी, तपासणी पुन्हा. उलट खरा धोका असा, की तो फुगलेला आकडा खरा मानून कुणी डोस कमी करतं. गोळी डबीत घेऊन लॅबमध्ये जा, रक्त द्या, मग तिथेच गोळी घ्या. शक्यतो एकाच लॅबमध्ये जा. वेगवेगळ्या यंत्रपद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

लेव्हलबरोबर हिमोग्राम, क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, लिव्हर यांचे हजार-दोन हजार. सीएमव्हीची पीसीआर साडेतीन ते सहा हजार. टू-डी इको दीड ते चार हजार.

पहिल्या वर्षाचं मोठं बिल बायोप्सीचं. मानेतल्या शिरेतून बारीक चिमटा हृदयाच्या उजव्या कप्प्यात नेऊन स्नायूचे तीन-चार कण काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली रिजेक्शन आहे का ते पाहतात. अहवालात ‘शून्य आर’ म्हणजे रिजेक्शन नाही, ‘एक आर’ सौम्य, ‘दोन आर’ मध्यम आणि ‘तीन आर’ गंभीर. रिजेक्शनची सुरुवात रुग्णाला बहुधा जाणवत नाही, म्हणून तब्येत ठणठणीत असतानाही बायोप्सी करतात. पहिल्या महिन्यात जवळजवळ दर आठवड्याला, मग लांब लांब. प्रत्येक केंद्राचं वेळापत्रक वेगळं असतं. वर्षभरात कुठे सहा, कुठे बारा. एकीला २५ ते ६० हजार. ‘दिवसभराचं काम आहे, सर्वांत स्वस्त वर्गात दाखल करा’ असं आधी सांगितलं तर फरक पडतो, कारण अनेक ठिकाणी खोलीच्या वर्गानुसार प्रक्रियेचाही दर चढतो.

‘छातीत काही दुखत नाही, मग अँजिओग्राफी कशाला?’ हा प्रश्न दुसऱ्या वर्षी हमखास येतो. प्रत्यारोपण करताना हृदयाच्या नसा (मज्जातंतू) तोडलेल्या असतात. त्यामुळे रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी नेहमीसारखी छातीत कळ येईलच असं नाही. आणि दात्याच्या हृदयातल्या या वाहिन्या हळूहळू जाड होणं हा पुढच्या वर्षांतला मोठा धोका आहे. दहा वर्षांत साधारण निम्म्या रुग्णांमध्ये तो दिसतो. म्हणून वार्षिक अँजिओग्राफी, १५ ते ३५ हजार. वाहिनीच्या आतून सोनोग्राफी केली तर खर्च बराच वाढतो. ती दर वर्षी हवीच का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. किडनी कमजोर असेल तर अँजिओग्राफीत टोचल्या जाणाऱ्या रंगद्रव्याच्या दुष्परिणामांबद्दलही आधीच बोला.

त्याच तुटलेल्या नसांमुळे बसल्या जागी नाडी ९० ते ११० असते. ती पाहून घाबरून कॅज्युअल्टी गाठू नका. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला किंवा वजन एका दिवसात किलोभर वाढलं, तर मात्र त्याच दिवशी फोन करा. रक्तदाबाचं यंत्र, वजनकाटा, थर्मामीटर आणि एक वही, सगळं मिळून चार-पाच हजारांत येतं. या आजारातली ही सर्वांत फायद्याची खरेदी आहे.

घर, लसी आणि कबुतरं

बाहेरगावच्या रुग्णाला पहिले तीन ते सहा महिने रुग्णालयाच्या जवळ राहायला सांगतात. मुंबईत एका खोलीचं भाडं, स्वयंपाक, टॅक्सी यांना महिन्याला वीस हजार धरले तरी हात आखडताच राहतो. अमरावती किंवा नांदेडच्या कुटुंबाला हा खर्च औषधांपेक्षा जास्त बोचतो, आणि तो कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो. सोबतच्या माणसाचा बुडालेला पगार त्यात मिळवा. खोली घेताना ओल, चालू बांधकाम आणि खिडकीतली कबुतरं बघून घ्या. बुरशी, धूळ आणि कबुतरांची विष्ठा यांतून होणारे फुप्फुसांचे संसर्ग या रुग्णांना जड जातात. खिडकीला जाळी लावणं हे इथे वैद्यकीय खर्चातच धरा. रुग्ण घरी येणार म्हणून रंगकाम काढू नका. काढायचंच तर महिनाभर आधी.

जिवंत विषाणूंच्या लसी रुग्णाला चालत नाहीत. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकोकलची सांगितल्याप्रमाणे. नागिणीची जिवंत नसलेली लस २०२३ पासून भारतात मिळते, पण महाग आहे. घरात तान्हं बाळ असेल तर पोलिओच्या थेंबांऐवजी टोचायची लस देता येईल का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांनी मायकोफेनोलेटबद्दल डॉक्टरांशी मोकळं बोलायला हवं. त्या औषधाने गर्भात व्यंग येऊ शकतं.

बेरीज

पहिलं वर्ष असं मांडू. औषधं तीन लाख. बायोप्सी आठ धरल्या, ३५ हजारांनी २ लाख ८० हजार. लेव्हल आणि रक्ताच्या तीस फेऱ्या ९० हजार. इको बारा, ३० हजार. वर्षअखेरची अँजिओग्राफी ३० हजार. डॉक्टरांची फी ३७ हजार. सहा महिन्यांचं राहणं १ लाख २० हजार, प्रवास ४० हजार. एकूण ९ लाख २७ हजार. याशिवाय एका अचानक भरतीसाठी दीड ते तीन लाख बाजूला हवेत. साधं रिजेक्शन तीन दिवसांच्या स्टेरॉइडच्या सलाइनवर आटोक्यात येतं, त्यात औषध स्वस्त आणि खाटेचं भाडं महाग. पण अवघड रिजेक्शनला लागणारी इंजेक्शनं लाखांत जातात.

दुसऱ्या वर्षापासून औषधं, तपासण्या, अँजिओग्राफी आणि प्रवास मिळून अडीच लाख, म्हणजे महिन्याला वीस-एकवीस हजार. वर्गणी गोळा करतानाच शस्त्रक्रियेच्या रकमेवर दहा लाख वाढवून आवाहन करा आणि ती जादा रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. दोन वर्षांनी त्याच लोकांपुढे पुन्हा हात पसरणं फार कठीण जातं. लोकांना एकदाच रडू येतं, असं एका समाजसेवा अधीक्षकांकडून ऐकलं होतं. कटू आहे, पण बरोबर आहे.

विमा आणि सरकारी मदत

साधी आरोग्य विमा पॉलिसी रोजच्या गोळ्यांचे पैसे देत नाही. ती डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचा, सामान्यतः ६० ते १८० दिवसांचा, त्या भरतीशी संबंधित खर्च देते. त्या मुदतीतली प्रत्येक पावती, प्रिस्क्रिप्शनची प्रत आणि लॅबचं बिल जोडून दावा करा. अनेक कुटुंबं दमलेली असतात आणि हा दुसरा दावा करतच नाहीत. पुढे प्रत्येक नव्या भरतीनंतर ही मुदत पुन्हा सुरू होते.

बायोप्सीच्या दाव्यात एक खोच आहे. केवळ तपासणीसाठी झालेली भरती पॉलिसीतून वगळलेली असते आणि टीपीए, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणारा मध्यस्थ, त्याच कलमावर बोट ठेवतो. प्रत्यारोपणाच्या चालू उपचारांचा भाग म्हणून, औषधांचा डोस ठरवण्यासाठी बायोप्सी आवश्यक आहे, असं डॉक्टरांचं पत्र आधीच जोडा. तरी नाकारलं तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे आणि मग विमा लोकपालाकडे जा. लोकपालाकडे फी लागत नाही.

प्रत्यारोपणानंतर नवी पॉलिसी मिळणं जवळपास अशक्य, म्हणून आहे ती एक दिवसही खंडित होऊ देऊ नका. कंपनीचा गट विमा असेल आणि नोकरी सुटत असेल, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याचा अर्ज नोकरी संपण्यापूर्वी करा. गंभीर आजारांची पॉलिसी आधीपासून असेल तर ‘प्रमुख अवयव प्रत्यारोपण’ त्यात असतं आणि एकरकमी पैसे मिळतात. तिची आठवण ठेवा. आयकराच्या जुन्या पद्धतीत ठरावीक गंभीर आजारांसाठी जी वजावट मिळते, त्या यादीत हृदय प्रत्यारोपण नाही, त्यावर भिस्त ठेवू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं आहे. त्याहून महागड्या उपचारांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये वेगळ्या निधीचा निर्णय घेतला, त्यात हृदय प्रत्यारोपणही आहे. तुमचं रुग्णालय यात बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. मुख्यमंत्री सहायता निधीच्या आजारांच्या यादीतही ते आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. अँजिओग्राफी किंवा बायोप्सीच्या भरतीलाही ही सवलत मागता येते, फक्त उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा.

यातली बहुतेक मदत रुग्णालयाच्या नावाने आणि भरतीसाठी असते, महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही. अपवाद राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमाचा : गरीब रुग्णांच्या प्रत्यारोपणानंतरच्या औषधांसाठी दरमहा १० हजार रुपयांपर्यंतची तरतूद त्यात आहे. हा अर्ज आपोआप होत नाही, कोऑर्डिनेटरच्या मागे लागून करून घ्यावा लागतो. डिस्चार्जच्या आठवड्यातच विषय काढा.

आणि पैसे खरंच संपले तर? गोळ्या एक दिवसाआड घेणं, अर्ध्या करणं, ‘बरं वाटतंय’ म्हणून लेव्हल टाळणं हे मार्ग लोक गुपचूप निवडतात आणि डॉक्टरांना सांगायची शरम वाटते. डॉक्टरांकडे पर्याय असतात : स्वस्त ब्रँडवर नीट बदल, डोसची फेररचना, सरकारी रुग्णालयातून पाठपुरावा, एखाद्या न्यासाला पत्र. त्यांना ते करायला वेळ मात्र हवा. डबीत शेवटच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या असतील आणि पुढच्यांचे पैसे नसतील, तर त्याच दिवशी कोऑर्डिनेटरला फोन करा.